दुसरा फ्लॅट कर्ज काढून घ्यावा का? डाऊन पेमेंटसाठी वडिलांचं घर तारण ठेवण्याचा विचार आहे

चिंचवडी | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

पुनावळ्यात एका नव्या प्रकल्पात टूबीएचके बघितला आहे. किंमत ७२ लाख, ताबा डिसेंबर २०२८. राहायला नको, गुंतवणूक म्हणून. स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के म्हणजे ५ लाख ४ हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. सगळं धरून ८१ लाखांना पडतो. बँक ८० टक्के, म्हणजे ५७ लाख ६० हजार देईल असं एजंट म्हणतो. उरलेल्या सव्वातेवीस लाखांपैकी माझ्याकडे एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून १२ लाख आहेत.

११ लाख कमी पडतात. ते तीन ठिकाणांहून उभे करता येतील. वडिलांचं साताऱ्याचं घर तारण ठेवून मॉर्गेज लोन काढायचं, किंवा माझ्या राहत्या घराच्या लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घ्यायचं (अजून १४ लाख बाकी आहेत, हप्ता २४ हजार), किंवा ६ लाख पर्सनल लोन काढून बाकीच्यासाठी बायकोचे दागिने ठेवायचे. वडील एसटीतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, ‘घर तुझंच आहे, सांगशील तिथे सही करतो.’

बिल्डरची एक स्कीमही आहे. २० टक्के आत्ता भरायचे, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, तोवरचं व्याज बिल्डर भरणार. त्या भागात भाडं २२ हजार मिळतं. माझा पगार हातात १ लाख ४५ हजार येतो. एक लाख टोकन दिलंय, त्याला नऊ दिवस झाले. अ‍ॅग्रीमेंट अजून केलेलं नाही. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

मावळी | सोमवार, रात्री ११.०५

फ्लॅटपेक्षा जमीन घ्या भाऊ. पौडच्या पुढे ११ गुंठ्यांचे तुकडे मिळतायत. बँक लोन देत नाही, पण पतसंस्था देते. फ्लॅट जुना होत जातो, जमीन वाढतच जाते.

जुनी खातेवही | मंगळवार, सकाळी ७.३०

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात २९ वर्षं काढली, २०२३ ला निवृत्त झालो. जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

आधी मावळींना. जमिनीवर बँक कर्ज देत नाही, याला कारण असतं. जमीन एनए (बिगरशेती) नसते, सातबारावर सामाईक नावं असतात, तुकडेबंदी (फार लहान तुकडे पाडून विकायला कायद्याची मनाई) आडवी येते किंवा रस्ता कागदावरच नसतो. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासतो, आणि नाही म्हणतो. त्याने फुकटात दिलेला सल्ला सोडून महागड्या व्याजाने तीच जमीन घ्यायची, हे मला पटत नाही. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, हेही आहेच.

आता चिंचवडी, तुमच्याबद्दल. ५७ लाख ६० हजारांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता जवळजवळ ५० हजार येतो. सध्याचा २४ हजार. पर्सनल लोन ६ लाख, १२ टक्क्यांनी पाच वर्षं धरलं तर १३,३०० आणखी. झाले ८७ हजार. एक लाख पंचेचाळीस हजारांत साठ टक्के पगार महिन्याच्या पाच तारखेला गेला. माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मी पन्नास टक्क्यांच्या आसपासच थांबलो असतो. एजंटने ‘८० टक्के देईल’ म्हटलं ती रिझर्व्ह बँकेने घातलेली वरची मर्यादा आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५. एवढं मिळेलच, असं त्यात कुठेही नाही. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. शिवाय बँकेच्या व्हॅल्युअरने फ्लॅटची किंमत ६८ लाखच लावली, तर टक्केवारी त्या ६८ वर निघते. वरचं अंतर तुमच्या खिशातून.

दुसरं, व्याजदर. आजचा हप्ता २० वर्षं तसाच राहील असं धरू नका. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, त्यावर घरकर्जाचा दर हलतो) ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. ज्यांनी २०२१ मध्ये ६.७ टक्क्यांनी ५० लाख घेतले, त्यांचा हप्ता ३७,८७० होता. दीड वर्षात मुद्दल फिटून ४८ लाखांच्या थोडं वर राहिलं, दर ९.२ झाला. तोच हप्ता ठेवला तर त्यातले ३६,९०० व्याजातच जातात, मुद्दलाला हजार रुपयेही लागत नाहीत. उरलेली मुदत साडेअठरा वर्षांवरून चाळीस वर्षं होते. मुदत तीच ठेवायची तर हप्ता ४५,२०० वर जातो. एक शिक्षक माझ्यासमोर बसून खात्याचा उतारा बोटाने ओळीओळीने दाखवत होते, ‘मी एकही हप्ता चुकवला नाही, मग मुद्दल का हलत नाही?’ त्यांना समजावताना मला खरंच वाईट वाटलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलला की हप्ता वाढवायचा का मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. २०२५ मध्ये दर उतरले हे खरं. पण तुमचं कर्ज पंधरा-वीस वर्षं चालणार, त्यात असं चढणं पुन्हा येईल हे गृहीत धरूनच हिशेब करा.

वडिलांच्या घराबद्दल संध्याकाळी लिहितो. ते घाईत लिहायचं नाही.

ताळेबंद | मंगळवार, दुपारी १.१५

मी सीए आहे. ‘हप्ता भाड्यातून निघेल’ हे वाक्य दर आठवड्याला ऐकते, म्हणून तुमचेच आकडे मांडून बघितले. ताबा आजच मिळाला असं तुमच्या बाजूने धरते.

२२ हजार भाडं, वर्षाला एक महिना फ्लॅट रिकामा: २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार, मिळकत कर १२ हजार, एजंटला एक महिन्याचं भाडं. हातात राहतात १ लाख ७२ हजार. ८१ लाखांवर हे सव्वादोन टक्केसुद्धा होत नाहीत. हप्ते वर्षाला ६ लाख. म्हणजे दरवर्षी ४ लाख २८ हजार पगारातून घालायचे.

पाच वर्षांनी विकला असं समजा. ३० लाखांचे हप्ते भरूनही कर्ज ५० लाख ७६ हजार उरलेलं असेल. तुमचे सुरुवातीचे सव्वातेवीस, हप्त्यांचे तीस, त्यातून भाड्याचे साडेआठ वजा, असे पावणेपंचेचाळीस लाख तुमचे अडकलेले. नुसते तेच परत मिळायला फ्लॅट साडेपंचाण्णव लाखांना विकला गेला पाहिजे. म्हणजे ७२ लाखांची किंमत पाच वर्षं दरवर्षी पावणेसहा टक्क्यांहून थोडी जास्त वाढली पाहिजे, तेव्हा कुठे पदरचे पैसे हातात येतात. त्यावर व्याज नाही, परतावा नाही, आणि विक्रीतल्या नफ्यावरचा १२.५ टक्के कर मी अजून धरलेला नाही. वीस टक्के आणि इंडेक्सेशनचा (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा) पर्याय २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या मालमत्तेलाच आहे, तुम्हाला तो मिळणार नाही.

कराच्या सवलतीचंही सांगते. भाड्याने दिलेल्या घरात व्याजाला वरची मर्यादा नसते, असं तुम्हाला सांगितलं असेल. भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा होतं हे बरोबर. पण नव्या करप्रणालीत उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत होतो, पण वर्षाला २ लाखांपर्यंतच. बाकीचा पुढे आठ वर्षं ओढता येतो, तोही फक्त घरभाड्याच्या उत्पन्नातूनच वळता होतो. तुमचं पहिल्या वर्षीचं व्याजच पावणेपाच लाखांच्या वर आहे.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९.४०

माझा अनुभव गाळ्याचा आहे, फ्लॅटचा नाही. पण उपयोग होईल म्हणून लिहिते.

नाशिकला गंगापूर रोडवर २०१८ मध्ये ४५ लाखांचा गाळा घेतला. व्यापारी गाळ्याला बँकेने ६० टक्केच दिले, तेही दहा वर्षांसाठी, साडेदहा टक्क्यांनी. हप्ता साडेछत्तीस हजार. भाडेकरू चांगला होता, ४० हजार द्यायचा. सगळं भाड्यातून निघत होतं. दीड वर्ष मीही सगळ्यांना तेच सांगत होते.

एप्रिल २०२० मध्ये त्याने गाळा सोडला. चौदा महिने शटर खाली. मोरॅटोरियमचे, म्हणजे हप्ता न भरण्याच्या सवलतीचे, सहा महिने घेतले, तेव्हा वाटलं सुटलो. पण त्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात जाऊन बसलं आणि मुदत लांबली. सातव्या महिन्यापासून हप्ता सुरू. माझं ड्रेस मटेरियलचं दुकानही तेव्हा बंदच होतं. सासूबाईंनी त्यांच्या पाटल्या काढून दिल्या, सोनेतारण करून आठ हप्ते भरले. बँकेच्या काउंटरवर त्या मुलाने पाटल्या वजनकाट्यावर ठेवल्या आणि सासूबाईंनी मान दुसरीकडे वळवली. ते मी विसरलेले नाही.

पाटल्या २०२३ मध्ये सोडवून आणल्या. गाळा आता पुन्हा भाड्याने आहे आणि मी तो विकणार नाही. पण चिंचवडीदादा, दागिने ठेवायचेच असतील तर ते अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवा. सुरुवातीलाच ते डाऊन पेमेंटमध्ये घातले तर अडचण आल्यावर हात कशाला लावणार?

दूरदेशी | बुधवार, पहाटे ४.५०

डॅलसहून. आमच्यासारखे बरेच जण पुण्यात फ्लॅट घेतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एनआरआयना कर्ज मिळतं, पण हप्ता एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांसाठीच्या) खात्यातून जातो. इथली नोकरी गेली की व्हिसाचं बघायचं की तिथल्या हप्त्याचं, अशी वेळ येते. माझ्यावर २०२३ मध्ये आली, चार महिने भावाने हप्ते भरले. आणि विकताना घेणारा एक टक्का नाही, त्याच्या कितीतरी पट टीडीएस कापतो. आधी अर्ज करून कमी कपातीचा दाखला घ्यावा लागतो, नाहीतर पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकतात. शेतजमीन किंवा फार्महाउस आम्हाला विकत घेताच येत नाही, हे मात्र तिथल्या एजंटने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पानगळ | बुधवार, रात्री ११.३०

तीन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही.

२०१४ मध्ये आम्ही कल्याण-शिळ रस्त्यावर अशाच स्कीममध्ये फ्लॅट घेतला. बिल्डर कोण, कर्ज देणारी कंपनी कोण, ते लिहीत नाही. ३८ लाखांचं कर्ज मंजूर झालं आणि त्यातले ३२ लाख पाच-सहा महिन्यांतच बिल्डरला सोडले, तेव्हा इमारत जोत्याच्या वर आलेली नव्हती. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलं होतं की पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच सोडायचे. आमची गृहवित्त कंपनी होती. त्यांना राष्ट्रीय आवास बँकेने अशा स्कीम बंद करायला सांगितलं ते जुलै २०१९ मध्ये. तोवर आमचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ताबा डिसेंबर २०१७ ला होता. त्याच वर्षी जूनमध्ये बिल्डरने व्याज भरणं थांबवलं. मला कोणी सांगितलं नाही. मुलीला शाळेतून आणायला गेटवर उभा होतो, तेव्हा मेसेज आला: आपल्या कर्जखात्यात २८,००० रुपये थकीत. मला वाटलं चुकून आलाय. कंपनीत फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, सर, कर्ज तुमच्या नावावर आहे.

त्या रात्री निळी फाइल काढली. त्रिपक्षीय करार (बिल्डर, कर्ज देणारी कंपनी आणि आम्ही), पान ११. बिल्डरने व्याज भरलं नाही तर ते भरण्याची जबाबदारी कर्जदाराची राहील, असं तिथे साध्या शब्दांत छापलेलं होतं. खाली माझी सही. बायकोची सही. त्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसात चाळीसेक पानांवर आम्ही वीस मिनिटांत सह्या केल्या होत्या, समोरचा माणूस पानं उलटत होता आणि बोट ठेवत होता.

डोंबिवलीत १४ हजार भाडं आणि वर २८ हजार व्याज, असे दिवस काढले. पहिले तीन महिने जमलंच नाही, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा गुणांक) पडला. महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) तक्रार केली. आदेश आमच्या बाजूने लागला: पूर्ण रक्कम व्याजासह परत, स्टेट बँकेच्या एमसीएलआरवर (कर्जाच्या पायाभूत दरावर) आणखी दोन टक्के. त्या दिवशी घरी शिरा केला होता. पण आदेश मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. वसुली जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीन महसुलासारखी होते, त्यासाठी वॉरंट तहसीलदारांकडे जातं, आणि बिल्डरच्या नावावर जप्त करण्यासारखं काही सापडावं लागतं. आजपर्यंत निम्मेसुद्धा हातात आलेले नाहीत. कर्ज मात्र मी पूर्ण फेडलं.

दिल्लीच्या आसपास हेच हजारो लोकांचं झालं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर आणि कर्ज देणाऱ्यांच्या साट्यालोट्याची चौकशी सीबीआयकडे दिली. म्हणजे हे एकट्या माझ्या नशिबाचं नव्हतं.

चिंचवडी, तुमचा बिल्डर प्रामाणिक असेलही. तरी त्रिपक्षीय कराराचा मसुदा आत्ताच मागा, सहीच्या दिवशी नको. घरी आणा आणि ‘थकबाकी’ हा शब्द कुठे कुठे येतो ते बघा.

जुनी खातेवही | गुरुवार, सकाळी ८.१०

पानगळ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या नोकरीत अशा कुटुंबांना मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय.

वडिलांच्या घराबद्दल मंगळवारी लिहायचं राहिलं. चिंचवडी, मॉर्गेज लोनमध्ये ते घर तारण राहतं आणि वडील सहकर्जदार होतात. फ्लॅटचं काहीही होवो, ताबा लांबो, भाडेकरू न मिळो, त्या कर्जाचा हप्ता थांबला की ९० दिवसांनी खातं एनपीए (बुडीत खात्यात जमा) होतं. मग सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्तेवरून वसुलीचा कायदा) ६० दिवसांची नोटीस जाते. ती नोटीस पुनावळ्याला जात नाही, साताऱ्याला जाते. त्यानंतर बँक ताबा घेऊ शकते, त्यासाठी आधी दिवाणी दावा लावावा लागत नाही. अशा दोन ताब्यांच्या वेळी मी हजर होतो. एका घरात म्हातारे गृहस्थ देवघरातल्या तसबिरी एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मुलगा बाहेर मोटारसायकलवर बसला होता, आत येत नव्हता.

टॉप-अप त्यातल्या त्यात स्वस्त पडतो. पण त्याला तुमचं राहतं घर तारण असतं, हे विसरू नका. राहत्या घरावर कर्ज राहायला काढावं, आजारपणाला काढावं, मुलांच्या शिक्षणाला काढावं. गुंतवणुकीला काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि टोकनचं. महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये, पत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत रद्द केलं तर कपात नाही अशी तरतूद आहे. त्यानंतर टक्क्यांत कपात सुरू होते. तुमच्या पत्रावरची तारीख बघा. ठरवायचं ते दिवस मोजून ठरवा आणि जे कळवाल ते ईमेलने कळवा, फोनवर नको.

ताळेबंद | गुरुवार, दुपारी २.००

एक जोडते. बांधकाम क्षेत्रात पैसे घालायचेच असतील आणि रक्कम पाच-दहा लाखांचीच असेल, तर रीटचे (भाड्याने दिलेल्या इमारतींची मालकी असलेल्या ट्रस्टचे) युनिट शेअरसारखे घेता येतात. आपल्याकडे पहिलं रीट २०१९ मध्ये बाजारात आलं आणि २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. वाटण्यायोग्य रोकडीतली किमान ९० टक्के रक्कम त्यांना वाटावीच लागते. भाव खालीवर होतो, कार्यालयं रिकामी पडली तर वाटपही कमी होतं. पण यात कुणाचं घर तारण पडत नाही आणि पैसे लागले तर निम्मे युनिट विकता येतात. फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

चिंचवडी | शुक्रवार, रात्री १०.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बिल्डरच्या ऑफिसात जाऊन त्रिपक्षीय कराराचा मसुदा मागितला. आधी म्हणाले बँक देईल, मग म्हणाले अ‍ॅग्रीमेंटनंतर मिळेल. तासभर बसून राहिलो तेव्हा प्रत दिली. पानगळ, कलम तेच आहे. शब्द थोडे वेगळे आहेत. बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

आज सकाळी रद्द करण्याचा ईमेल पाठवला. पत्राच्या तारखेपासून तेरावा दिवस होता. टोकन पंधरा दिवसांत परत देतो असं उत्तर आलंय.

वडिलांना फोन करून सांगितलं की सही लागणार नाही. ते ‘बरं’ म्हणाले आणि लगेच आईला हाक मारून सांगितलं. आईने फोन घेतला आणि गच्चीची गळती या पावसाआधी करून घेऊ म्हणाली. तिला इतके दिवस हे बोलायचं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

१२ लाखांपैकी ६ लाख राहत्या घराच्या लोनमध्ये भरायचा विचार आहे, बाकीचे हाताशी ठेवतो. ताळेबंदताईंसारखा हिशेब करून बघितला. २४ हजारांचा हप्ता तसाच ठेवला तर सव्वासहा वर्षांचं कर्ज तीन वर्षं दोन महिन्यांत फिटतं. मग ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेला, भाडेकरू असलेला छोटा वनबीएचके बघेन. काका, एकदम भरताना काय काळजी घ्यायची?

जुनी खातेवही | शनिवार, सकाळी ७.१५

फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीला दंड नाही, कोणी मागितला तर लेखी मागा. भरताना शाखेत अर्ज द्या की हप्ता कमी न करता मुदत कमी करावी, आणि नवा परतफेडीचा तक्ता शिक्क्यासह घ्या. काही ठिकाणी न सांगता हप्ताच कमी करतात आणि व्याजाची बचत हातची जाते.

त्याच फेरीत स्प्रेड, म्हणजे मूळ दरावर बँक लावते ती भर, किती आहे तेही विचारा. जुनं खातं असेल तर नव्या ग्राहकाला ज्या दराने देतात त्यापेक्षा तुमचा दर जास्त असण्याची शक्यता आहे, थोडी फी भरून तो खाली आणता येतो.

तीन वर्षांनी कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईचा नियम आहे. कागद घेताना अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आणि नोंदणीची पावती तिथेच काउंटरवर मोजून घ्या. दुय्यम निबंधकाकडची बोज्याची नोंद आणि सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद, दोन्ही काढल्याचं पत्र घ्या. वनबीएचकेसाठी बँकेत जाल तेव्हा हीच कागदपत्रं लागतील.

साताऱ्याची गच्ची मात्र मे महिन्यातच करून घ्या. जूनमध्ये गवंडी मिळत नाही.